दोन उजवे पल्ले

तू बोलता बोलता थांबलीस आणि मी हातातली ओळ पूर्ण केली.

मान वर केली नाही. ओळ अर्धी सोडायची नाही, ही माझी साठ-पासष्ट वर्षांची सवय आहे. तू म्हणालीस, "दर सहाव्या ओळीला," आणि पुढचं आलं नाही. मला वाटलं, मनात हिशेब करत असशील. तुझं तसंच होतं. बोलता बोलता गप्प व्हायचं आणि टेबलावर बोटं टेकवत टाके मोजायचे. माझ्या सुईवर बासष्ट टाके होते. ते सगळे विणले, सुई फिरवली आणि मग वर पाहिलं. तू टेबलावर डोकं टेकलं होतंस. चष्मा कागदावर आडवा पडला होता. सकाळपासून डोकं ठणकतं म्हणत होतीस, म्हणून तेव्हाही मी म्हणाले, "पड वं थोडी, बाही काही पळून नाही चालली." तू बोलली नाहीस. तेव्हा मी उठले.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. पोळा नुकताच झाला होता, जिन्यात लहान पोरांचे लाकडी बैल पडले होते, आणि तुला खाली नेताना एकाच्या पायाला लागून त्यातला एक घरंगळत गेला. डोक्यातली नस फुटली होती. दवाखान्यात डॉक्टरीण होती ती माझ्या नातीएवढी. मी तिला विचारलं, एक ओळ आधी उठले असते तर? ती म्हणाली, काही फरक पडला नसता. मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिनं माझा हात धरला आणि तेच सांगितलं. मी तिचं खरं मानते. पण झालं ते असं झालं, ते आधी सांगून टाकते. पुढचं सांगायला मग बरं पडतं.

तेरवीला माणसं पुष्कळ आली. आपल्या बिल्डिंगमधली एक म्हणाली, शुभांगी किती सुंदर स्वेटर विणायची. दुसरी म्हणाली, मी तिला ऑर्डर देणारच होते. तुझा नवरा विलास समोर बसला होता म्हणून मी गप्प राहिले. नऊ वर्षं तू या बायांना एकच गोष्ट सांगत आलीस, की मी स्वेटर विकत नाही, स्वेटर कसा विणायचा ते लिहून विकते. एकीच्याही डोक्यात शिरलं नाही. त्यांना नावं कशाला ठेवू, माझ्याही डोक्यात ते शिरायला वर्ष लागलं होतं.

तुला आठवत असेल, आपण पहिल्यांदा बोललो ते पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर. मुलानं कुहीकडचं गावातलं घर बंद करून मला नागपूरला, बेसाला आणलं त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. मी तळमजल्यावर, तू तिसऱ्यावर. मी पुतण्याच्या पोरासाठी टोपडं विणत होते. तू येऊन विचारलंस, नमुना कोणता आहे. मी म्हणाले, "कोणता म्हणजे? हातात आहे तो." तू हसलीस आणि बाजूला बसलीस. मग विचारलंस, टाके किती घातले. मला ते माहीत नव्हतं. मी पोराचं डोकं डोळ्यांपुढे आणते आणि घालते. तू वर जाऊन मोजपट्टी घेऊन आलीस आणि माझं अर्धं टोपडं आडवं उभं मोजून वहीत लिहून घेतलंस. मी घरी जाऊन सुनेला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं नोकरी सोडली म्हणतात, तिच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

मग मी एकदा वर आले आणि तुझी खोली पाहिली. मे महिना होता. खिडकीला उन्हासाठी खाकी कागद चिकटवले होते, कूलर घरघरत होता, आणि त्या नागपूरच्या भट्टीत तू मांडीवर जाड लोकर घेऊन बसली होतीस. घामानं सुई सरकत नव्हती म्हणून हाताला पावडर लावली होतीस. मी विचारलं, हे कोण घालणार? तू म्हणालीस, जिथं आठ महिने बर्फ असतो तिथली माणसं. मी म्हणाले, त्यांच्याकडे विणणाऱ्या बाया नाहीत काय? तू म्हणालीस, बाया आहेत, पण कसं विणायचं ते विसरल्या.

तुकडा मोजायचा असला की तू कूलर बंद करायचीस. दमट हवेत लोकर सैल पडते आणि माप खोटं येतं. आपण दोघी मग घामानं निथळत, मोजपट्टी धरून, चार बोटांत किती टाके येतात ते मोजत बसायचो. एका स्वेटरला तुला चार चार महिने लागायचे. आधी चौकटीच्या कागदावर चित्र, मग एक नमुना स्वतः विणून पाहायचा, मग लिहायचं, मग तोच स्वेटर लहान पोरापासून लठ्ठ माणसापर्यंत नऊ मापांत बसवायचा. जो माणूस तू पाहिला नाहीस, पाहणार नाहीस, त्याच्या काखेत कापड आवळू नये म्हणून तू दोन दोन दिवस डोकं धरून बसायचीस. मला ते वेड वाटायचं. नंतर वाटेनासं झालं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही. म्हणून तू माझ्यासाठी मराठीत लिहायला लागलीस, मोठ्या अक्षरात, ओळी सुट्या सुट्या करून. पुढे म्हणालीस, मराठीतला कागद इंग्रजीपेक्षा सोपा उतरतो. मग तू आधी मराठीतच लिहायचीस आणि मागून इंग्रजी करायचीस. परदेशातल्या बायांना हे माहीत नाही, की त्यांचा स्वेटर आधी बेसात माझ्या चष्म्यासमोर चौथीच्या भाषेत लिहिला जायचा.

माझं काम तपासण्याचं. तू कागद द्यायचीस, मी त्यावरून विणायचं, अडलं तिथं सांगायचं. पहिल्याच दिवशी तू नियम सांगितलास. लिहिलंय तेवढंच करायचं. कागद चुकला असेल तर चुकीचंच विणायचं आणि ते माझ्यासमोर आणून ठेवायचं. स्वतःच्या मनानं काही सुधारायचं नाही. मी हो म्हणाले. हो म्हणणं सोपं होतं.

आता ते दोन पल्ले.

समोरून उघडा, बटणांचा स्वेटर होता. पाठ एक आणि पुढचे दोन पल्ले, एकीकडे बटणं आणि दुसरीकडे काजं. पुढे गळ्याला तिरपा उतार. उजव्या पल्ल्यात तो उतार यायला ओळीच्या सुरुवातीला टाके कमी करावे लागतात आणि डाव्या पल्ल्यात ओळीच्या शेवटी. माणसाचे दोन पाय जसे एकमेकांच्या उलट असतात, तसे हे दोन पल्ले. तू उजवा पल्ला लिहिलास, त्याच ओळी डाव्यासाठी खाली उतरवल्यास, आणि 'सुरुवातीला' होतं तिथं 'शेवटी' करायचं विसरलीस. चूक एका शब्दाची. मी तो कागद वाचला आणि विणला, आणि माझे दोन्ही पल्ले बरोबर आले. एक उजवा, एक डावा. हातानं आपोआप बदल केला, मला कळलंही नाही. मी तुला स्वेटर आणून दिला आणि म्हणाले, कागद एकदम बरोबर आहे.

कागद बाहेर गेला. दहा-पंधरा दिवसांनी तो विकत घेतलेल्या बायांची पत्रं यायला लागली. ज्या बाया विणणं शिकलेल्या नव्हत्या, ज्यांनी कागदावर विश्वास ठेवून विणलं, त्या सगळ्यांच्या हाती दोन उजवे पल्ले आले. उलटा करून जोडावा तर आतली बाजू बाहेर येते. म्हणजे उसवण्याशिवाय इलाज नाही.

तू कागद घेऊन खाली आलीस तेव्हा चिडलेली नव्हतीस. चिडलेली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू तो स्वेटर मागितलास, माझा. मांडीवर पसरलास, बोटानं ओळी मोजल्यास आणि विचारलंस, "मावशी, इथं काय लिहिलं होतं?"

मी वाचून पाहिलं. मग जे तोंडात आलं ते बोलले. "कधी कोट घातला नाही काय त्या बायांनी? एक पल्ला इकडं, एक तिकडं. एवढं दिसत नाही त्यांले?"

"तुम्हाला दिसलं होतं?"

"मले पाहा लागत नाही. हात करते."

"तेच तर म्हणून राहिली मी," तू म्हणालीस. "तुम्हाला येतं, म्हणून तुम्ही चुकल्या."

माझ्या आयुष्यात मला असं कोणी बोललं नव्हतं. न येण्याबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. सासूकडून, मास्तरांकडून, बँकेतल्या पोरांकडून. येतं म्हणून चुकलं, हे पहिल्यांदा ऐकलं. मी सरळ सांगितलं, की तुझं हे लिहून देणंच मला पटत नाही. तू टाका न् टाका लिहून देतेस, म्हणून बायांचे हात मुके होतात. माझ्या आईला धानाची रोवणी कशी करायची ते कोणी कागदावर लिहून दिलं होतं काय? चिखलात उतरली, शिकली.

तू जिन्याकडे निघाली होतीस. वळून म्हणालीस, "तुमच्या आईच्या बाजूला दुसरी बाई रोवत होती, मावशी. मी जिच्यासाठी लिहिते तिच्या बाजूला कोणीच नाही."

मी दार लावून घेतलं.

तीन आठवडे आपण बोललो नाही. तू चुकलेला कागद दुरुस्त करून ज्यांनी ज्यांनी घेतला होता त्यांना पाठवलास, प्रत्येकीला वेगळं पत्र लिहून. सगळ्या पत्रांत चूक स्वतःची सांगितलीस. तपासणाऱ्या बाईचं नाव कुठंच घेतलं नाहीस. हे मला तुझ्या लेकीनं, सईनं सांगितलं. शिवाय तू तपासायला आणखी चौघी शोधल्यास, मला न विचारता. तेही सईनंच सांगितलं, आणि ते मला लागलं. लिफ्टमध्ये तू भेटलीस तर मी वर मजल्यांचे आकडे पाहत राहायचे. तुझ्याकडून भरली वांगी आली तर डबा धुऊन रिकामा परत. आपल्याकडे डबा रिकामा देत नाहीत, हे तुलाही माहीत आणि मलाही.

मग एक दिवस तू दार वाजवलंस. हातात फोन होता. म्हणालीस, एक पत्र वाचून दाखवते. डोंगरातल्या कुठल्या गावात एक बाई नोकरीला होती, एकटी. तिनं दुसरा पल्ला तीनदा उसवून तीनदा विणला होता. तिला वाटलं, आपल्यालाच येत नाही. छापलेलं कसं चुकेल? तुझं दुरुस्तीचं पत्र आल्यावर तिनं लिहिलं, की माझी चूक नव्हती हे कळून मला रडू आलं. तू ते इंग्रजी पत्र तिथंच उभ्या उभ्या मराठीत करत वाचलंस.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दारात आपण दोघीच होतो, माझी सून बाजारात गेली होती, ऐकायला कोणी नव्हतं. मी काय म्हणाले? म्हणाले, "लोकर खराब झाली असंल तिची, इतक्यांदा उसवून."

तू म्हणालीस, "हो ना." आणि दुसऱ्या हातातला नवा कागद माझ्यापुढे धरलास. मी घेतला. झालं आपलं मिटवणं. मी माफी मागितली नाही. तू ती मागायला लावलीसुद्धा नाहीस, आणि त्याबद्दल मी तेव्हा तुझी आभारी होते. आता वाटतं, लावली असतीस तर बरं झालं असतं. मी आधी भांडले असते, पण मागितली असती.

तो नवा कागद म्हणजे हाच शेवटचा स्वेटर. डोक्यातून घालायचा, वरून खाली विणायचा, छातीवर धानाच्या लोंब्यांसारखी वीण. त्या लोंब्या तुला मी सांगितल्या होत्या. आमच्या कुहीकडे कापणीच्या आधी लोंबी वाकते ती कशी, ते मी तुला हात वाकवून दाखवलं होतं आणि तू चौकटीच्या कागदावर ती उतरवलीस. अंग लिहून झालं, गळा झाला. खांद्यापाशी टाके उचलून बाही खाली विणत न्यायची, आणि मनगटाकडे ती अरुंद होत जायची. ती लिहायला बसलो आणि दर सहाव्या ओळीला तू गेलीस.

तेरवी होऊन आठवडा झाला तेव्हा मी वर आले. विलास दुकानात गेला नव्हता. तो मोटरी भरतो, जळलेल्या पंपाची तांब्याची तार काढून नवी गुंडाळतो, हे मी वाचणाऱ्यांसाठी लिहिते, तुला काय सांगायचं. तुझ्या टेबलापाशी सई बसली होती. ती म्हणाली, आईनं थंडीच्या आधी हा स्वेटर येईल असं सगळ्यांना कळवलं होतं, लोक विचारून राहिले. एक तर पुरा करून द्यायचा, नाही तर आई गेली असं लिहून काढून टाकायचा. विलास म्हणाला, "काढून टाक. अर्ध्याचं काय करतं?" तो खिडकीकडे पाहत होता. खाकी कागद तसेच होते.

मी माझ्या पिशवीतून स्वेटर काढला. अंग पूर्ण, एक बाही अर्धी. विलासनं तो हातात घेतला आणि लोंब्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "बाही तुम्हाले येते काय, मावशी?"

"विणता येते."

"लिहिता?"

मी म्हणाले, येईल. खोटं बोलले. चौथीनंतर मी सह्या केल्या, किराण्याच्या याद्या केल्या, भावाला चार पत्रं लिहिली. त्याउपर काही लिहिलं नव्हतं. पण बाही पूर्ण झाली नाही तर तुझं शेवटचं काम कोणी पाहणार नव्हतं, आणि ते पूर्ण करता येईल असं त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मग कोण बोलणार?

दोन दिवसांत लिहून आणलं. आधी विणलं, मग जे विणलं ते लिहिलं. सईनं वाचलं आणि म्हणाली, हे तपासणार कोण? मी त्या चौघींची नावं घेतली. तेवढं मन मोठं केलं मी. सई म्हणाली, त्या सगळ्या तुमच्यासारख्या आहेत आजी, पक्क्या. आईला नेहमी असा माणूस हवा होता ज्याला काहीच येत नाही. तसा कधी मिळाला नाही.

मग विलास म्हणाला, "मले काहीच येत नाही."

शुभा, तू असतीस तर लोटपोट हसली असतीस. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, बोटांना तांब्याच्या तारेनं पडलेल्या चिरा, त्यात लोकर अडकायची. मी त्याला फक्त सुलट टाका, उलट टाका आणि टाके उचलणं शिकवलं, तेही माझ्या जुन्या लोकरीवर. त्याला पंधरा दिवस लागले. मग सईनं माझ्या विणलेल्या अंगाची दुसरी, बिनबाहीची बाजू त्याच्यापुढे ठेवली, कागद ठेवला, आणि मला म्हणाली, "आजी, आता हात लावायचा नाही. बोलायचंही नाही. आईचा नियम."

मी समोर बसायचे. त्याचा टाका सुटलेला दिसायचा, माझी बोटं वळवळायची. मी हात मांडीखाली घालून बसले. या वयात.

तो संध्याकाळी दुकानातून येऊन बसायचा, रोज एक-दोन तास. दर सहाव्या ओळीला दोन्हीकडून एकेक टाका कमी, इथपर्यंत नीट आला. त्यापुढे मी लिहिलं होतं, 'मग नेहमीसारखं.' तिथं तो थांबला. वर पाहिलं. मी तोंड दाबून बसले. तो पुन्हा खाली पाहून विणायला लागला. चार दिवसांनी त्यानं बाही माझ्यापुढे ठेवली. खांद्याला ठीक होती, आणि खाली इतकी निमुळती झाली होती की तिच्यात माझी तीन बोटं जात होती. गाजरासारखी.

"काय गा विलास," मी म्हणाले, "एवढ्यातून कोणाचा हात जाईल?"

"कोणाचाच नाही."

"मंग थांबला काहून नाही?"

"थांबा असं लिहिलंच नाही तुम्ही," तो शांतपणे म्हणाला. "कमी करा लिहिलं, म्हणून करत राहिलो. चुकलं तर चुकीचंच विणायचं, हे तुमचंच ना? मावशी, नेहमीसारखं म्हणजे काय? मी मोटर भरताना नेहमीसारखं म्हणून तार गुंडाळली तर धूर निघते."

मी त्याला सुनावणार होते. तोंड उघडलंही. आणि तिथंच मला तुझं जिन्यातलं वाक्य समजलं. तेव्हा ऐकलं होतं, समजलं आता. नेहमी म्हणजे माझं नेहमी. शाळेतल्या मास्तरांच्या बायकोनं मला अंगणात बसवून शिकवलं ते नेहमी. तिनं माझ्या बोटांना धरून टाका काढला होता. विलासच्या बोटांना कोणी धरलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त कागद होता, आणि तो कागद मी लिहिला होता.

ती गाजराएवढी बाही मी उसवली नाही, त्यालाच उसवायला लावली. तेही कागदात लिहायचं असतं. मी पुन्हा लिहिलं. तो पुन्हा विणला. दुसऱ्यांदा मनगटाची पट्टी किती ओळींची ते लिहायचं राहिलं. तिसऱ्यांदा टाके बंद कसे करायचे तेच लिहिलं नव्हतं, तो बिचारा सुई तशीच टाक्यांत ठेवून जिना उतरून आला आणि दारात म्हणाला, "झालं, पण निघून नाही राहिलं." माझी सून स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. विलासही हसला. तुझ्यामागे त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणून मीही हसले. चौथा कागद बरोबर उतरला. त्यानं जे केलं ते मी लिहिलं होतं तेच होतं, आणि ती बाही होती.

म्हणून आता लिहून ठेवते. त्या दोन उजव्या पल्ल्यांची चूक माझी होती. तू एक शब्द चुकलीस, ते माणसाचं होतं. तो पकडायला तू मला बसवलं होतंस, आणि मी माझ्या हाताच्या तोऱ्यात तो झाकला. वर त्या बायांनाच मूर्ख ठरवलं. तू सगळ्यांना पत्रं लिहिलीस, आणि मी डबा रिकामा दिला. तू ऐकायला नाहीस हे मला कळतं. मी देवाधर्माची फारशी नाही, तू कुठून वाचशील असंही मला वाटत नाही. तरी लिहिलेलं बरं. तोंडी राहिलं तर माझ्याबरोबर जाईल.

पण एका गोष्टीवर मी अजून हटलेली नाही, ते ऐक. बाही किती लांब करायची, ते नऊ मापांसाठी इंचात लिहायचं असं सईचं म्हणणं होतं. तू तसंच लिहायचीस. मी नाही म्हणाले. माणसाचा हात आखूड असतो, लांब असतो, कोणाला बाही बोटांवर आलेली आवडते, कोणाला काम करताना वर लागते. मी लिहिलं, 'मनगटापर्यंत येईल तोवर विणा. घालून पाहा. तुम्हाला बरं वाटेल तिथं थांबा.' सई म्हणाली, आईनं हे चालवलं नसतं. विलास म्हणाला, "राहू दे. थांबायचं कसं ते सांगितलं आहे ना यात. धूर नाही निघणार." तर ते राहिलं. तुझा कागद, तुझा नियम, आणि शेवटच्या तीन वाक्यांत माझं भांडण. तुला पटलं नसतं हे मला माहीत आहे. आपण आणखी दोन वर्षं यावर भांडलो असतो. ती भांडणं मला हवी होती.

सईनं सगळं इंग्रजी केलं, चित्रं घातली, वर तुझं नाव लिहिलं. खाली 'बाही' म्हणून माझं नाव टाकायचं म्हणत होती. मी म्हणाले, तपासणाऱ्याचंही टाक. दिवाळीनंतर कागद बाहेर गेला. पहिला फोटो आला त्यात एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब होती. मी लगेच म्हणाले, त्या बाईची चूक आहे. विलास म्हणाला, आधी कागद पाहू. तिघांनी बसून पाहिला, शब्द न् शब्द. चूक बाईचीच होती. पण आम्ही आधी पाहिलं.

नंतर आलेल्या फोटोंत बाह्या सारख्या आहेत. सई मोठे करून दाखवते. कोण कुठली माणसं, मागं बर्फ, छातीवर आमच्या कुहीचं धान. एका म्हाताऱ्यानं लिहिलं की बायको विणायची, ती गेल्यावर त्यानं सुया पहिल्यांदा हातात घेतल्या आणि हाच स्वेटर विणला. त्याला विलासनं स्वतः उत्तर दिलं, सईकडून लिहवून घेऊन. काय लिहिलं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुझ्या कपाटात चौकटीच्या कागदावरची आणखी तीन चित्रं निघाली. दोन मला समजली. तिसऱ्याला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही, एवढं तरी लिहून जायचंस. विलास म्हणतो, मोटर उघडली की समजते, एक टाका घालून पाहू. सईची बारावीची परीक्षा आहे, तिला मार्चपर्यंत हात लावू देणार नाही. तोवर आम्ही दोघं मराठीत लिहू.

बेसातल्या या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर विलास आहे आणि सई आहे. तळमजल्यावर मी आहे, शहात्तर वर्षांची.